कामावर हात गेला तर भरपाई कुठे मागायची? वकील-डॉक्टरनं दगा दिला तर दाद कुठे?

कडबाकुट्टीत बोटं जातात, मळणी यंत्रात हात ओढला जातो, बोअरच्या गाडीवरून मजूर पडतो, कारखान्यात रात्रपाळीला जाताना दुचाकीला धडक बसते. ग्रामीण तालुक्यांत अशी प्रकरणं दर हंगामात घडतात आणि त्यातली पुष्कळशी गावातच मिटवली जातात. मालक दवाखान्याचं बिल भरतो, वर थोडेफार पैसे हातावर ठेवतो आणि चार माणसांसमोर स्टॅम्पवर लिहून घेतलं जातं की, माझी आता काही तक्रार नाही. जखमी माणूस अंगठा उठवतो आणि प्रकरण संपलं असं सगळे धरून चालतात.

कायद्याच्या हिशेबानं ते संपलेलं नसतं. भरपाईचा हक्क सोडून देणारा किंवा कमी करणारा करार रद्दबातल ठरतो, असं १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यातच लिहिलेलं आहे. समजुतीनं मिटवायचं असेल तरी तो करारनामा भरपाई आयुक्तांकडे नोंदवावा लागतो. रक्कम फारच कमी आहे किंवा दबाव टाकून, फसवून सही घेतली आहे असं दिसलं, तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. मृत्यूच्या प्रकरणात तर मालकानं रक्कम आयुक्तांकडेच जमा करायची असते. घरच्यांच्या हातात परस्पर दिलेले पैसे, थोडीशी आगाऊ रक्कम सोडली तर, भरपाई म्हणून धरले जात नाहीत. त्यामुळे गावातला स्टॅम्प जखमी मजुराला अडवत नाही आणि मालकालाही वाचवत नाही.

कायदा कोणता लागतो

हा कायदा १ जुलै १९२४ पासून लागू होता. २०१० मध्ये त्याच्या नावातला 'कामगार' शब्द जाऊन 'कर्मचारी' आला. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या आणि हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. व्हॉट्सअॅपवर 'जुना कायदा रद्द, आता भरपाई बंद' असं कुणी फिरवत असेल तर ते चूक आहे. भरपाईचं प्रकरण संहितेत जवळपास तसंच आलेलं आहे. शिवाय भरपाईचा हक्क आणि रक्कम ठरते ती अपघाताच्या दिवशी जो कायदा होता त्यावर, असं सर्वोच्च न्यायालयानं पूर्वीच स्पष्ट केलेलं आहे. म्हणजे २०२४ च्या दिवाळीत बोटं गेली असतील तर हिशेब जुन्या कायद्यानं होतो.

दावा चालतो तो भरपाई आयुक्तांपुढे. हे नाव ऐकून लोक कलेक्टर कचेरीत नाही तर कामगार कार्यालयात चकरा मारत बसतात. महाराष्ट्रात बऱ्याच जिल्ह्यांत हे काम कामगार न्यायालय किंवा दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे दिलेलं आहे. आपल्या भागात कोण, हे तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत विचारलं की लगेच कळतं. दावा अपघात झाला तिथे, मालकाचं नोंदणीकृत कार्यालय आहे तिथे किंवा दावेदार राहतो तिथेही दाखल करता येतो. ऊसतोडीला कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात गेलेल्या मजुराच्या दृष्टीनं ही तरतूद फार मोलाची आहे. बीडच्या माणसाला तारखेला अडीचशे-तीनशे किलोमीटर जायची गरज नाही, दावा आपल्या जिल्ह्यात लावता येतो.

मालक म्हणजे फक्त कारखानदार नव्हे

इथे शेतकऱ्यांनी जरा नीट वाचावं. कायद्याच्या यादीत ट्रॅक्टर किंवा विजेवर-इंजिनवर चालणाऱ्या साधनांनी होणारी शेती आहे. यंत्रानं कापणी आणि मळणी आहे, कीटकनाशकांची फवारणी आहे, बोअरवेलचं काम आहे. पूर्वी तात्पुरत्या मजुराला काही बाबतींत वगळलं जायचं. २००० च्या दुरुस्तीनं ते शब्द काढून टाकले. त्यामुळे सालगडी असो की एका दिवसाच्या रोजानं आलेला माणूस, त्याचं काम यादीत बसत असेल तर जबाबदारी ज्याच्याकडे तो कामाला होता त्याच्यावर येते. मग तो मालक पाच एकरवालाही असू शकतो. शेतीतली सगळीच कामं सरसकट यादीत आहेत असं मात्र नाही. आपलं काम बसतं का, हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारावं.

फवारणीची गोष्ट हलक्यात घेऊ नये. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा सगळी चर्चा सरकारी मदतीचीच झाली. सरकारी मदत वेगळी आणि मालकाकडून मिळणारी भरपाई वेगळी. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचे दोन लाखही खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातल्या एका माणसासाठी असतात. रोजानं आलेल्या मजुराला त्याचा उपयोग नाही.

ट्रॅक्टरवाल्यांनी विम्याचा कागद एकदा उघडून पाहावा. पगारी ड्रायव्हरची जबाबदारी वाहन विम्यात येते. मडगार्डवर बसून निघालेल्या मजुराच्या बाबतीत विमा कंपनी हात वर करते आणि पुष्कळदा तिचं म्हणणं टिकतंही. मग रक्कम मालकाच्या अंगावर येते. ती भरली नाही तर जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल होते. म्हणजे प्रकरण तहसीलला जातं आणि जमिनीपर्यंत येतं. मळणी यंत्र किंवा हार्वेस्टर भाड्यानं फिरवणाऱ्यांनी मजुरांचा वेगळा विमा काढलेला बरा. एका हाताच्या किमतीपुढे त्याचा हप्ता काहीच नाही.

काम ठेकेदारामार्फत असलं तरी मूळ काम करवून घेणारा सुटत नाही, मात्र ते काम त्याच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असलं पाहिजे. मजुराला भरपाई देऊन तो ठेकेदाराकडून वसूल करू शकतो. मुकादमाच्या टोळीत अपघात झाला की कारखाना वाहतूकदाराकडे बोट दाखवतो, वाहतूकदार मुकादमाकडे आणि मुकादम उचलीच्या वहीकडे. म्हणून दाव्यात तिघांनाही प्रतिवादी करावं. एकट्या मुकादमावर दावा लावला तर निकाल मिळेल, पैसे मिळतील का हा प्रश्न राहतो.

रक्कम कशी निघते

यात जादू काही नाही, गुणाकार आहे. महिन्याची मजुरी, अपघाताच्या वेळचं वय आणि अपंगत्वाची टक्केवारी. मजुरी जास्तीत जास्त १५,००० रुपये धरली जाते, ही मर्यादा ३ जानेवारी २०२० पासूनची. त्याआधी ती ८,००० होती. वयासाठी तक्ता आहे. ३० व्या वर्षाला २०७.९८, ३५ ला १९७.०६, ४० ला १८४.१७, ५० ला १५३.०९. मृत्यू झाला तर मजुरीच्या निम्म्याला हा आकडा गुणायचा. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर मजुरीच्या ६० टक्क्यांना.

समजा ३५ वर्षांचा मजूर आहे आणि महिन्याला १२,००० रुपये पडतात. तो गेला तर ६,००० गुणिले १९७.०६, म्हणजे ११,८२,३६० रुपये. पूर्ण अपंग झाला तर ७,२०० गुणिले १९७.०६, म्हणजे १४,१८,८३२. अर्धवट अपंगत्वात या रकमेचे टक्के मिळतात. एका हाताची चारही बोटं गेली तर ५० टक्के, म्हणजे ७,०९,४१६ रुपये. अंगठा पूर्ण गेला तर ३० टक्के, दोन बोटं गेली तर २० टक्के. गावात स्टॅम्पवर मिटलेली रक्कम या आकड्यांशेजारी ठेवून पाहावी. उपचाराचा खर्च वेगळा मिळतो. काही महिने घरी बसावं लागलं तर दर पंधरवड्याला मजुरीच्या २५ टक्के रक्कम आहे. तीन दिवसांपेक्षा जास्त काम बुडालेलं असावं, एवढी मात्र अट आहे.

चूक मालकाची होती हे सिद्ध करावं लागत नाही. कामामुळे आणि काम चालू असताना अपघात झाला, एवढं पुरतं. दारू प्यायलेला होता, मुद्दाम सूचना मोडली किंवा यंत्राचं संरक्षक झाकण जाणूनबुजून काढलं, हे मालक म्हणू शकतो. पण मृत्यू झाला असेल किंवा पूर्ण अपंगत्व आलं असेल तर ही सबबही चालत नाही.

टक्केवारी नुसत्या तक्त्यावर थांबत नाही, हे ओडिशातल्या जेपूरच्या एका सुताराच्या प्रकरणात ठरलं. सिनेमागृहात सजावटीचं काम करताना १९६८ मध्ये तो पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. तक्त्यानं टक्के कमी बसत होते. आयुक्तांनी सांगितलं की एका हातानं सुतारकाम होत नाही, म्हणून अपंगत्व शंभर टक्के. मालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७५ मध्ये हरला. त्याच निकालात आणखी एक गोष्ट पक्की झाली. भरपाई देणं लागतं ते अपघाताच्या दिवसापासून, आयुक्तांच्या निकालापासून नव्हे. महिन्याभरात रक्कम दिली नाही तर १२ टक्के व्याज लागतं आणि मालकानं विनाकारण टाळाटाळ केली असेल तर मूळ रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड. व्याज विमा कंपनीवर जाऊ शकतं, दंड मात्र मालकानं स्वतःच्या खिशातून भरायचा, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९७ मध्ये सांगितलं. ज्याचा कोयता चालवायचा हात गेला त्यानं सुताराचा हा निकाल वकिलाच्या कानावर घालावा.

धाराशिवचा पहारेकरी

कामावर जाताना वाटेत अपघात झाला तर काय, यावर वर्षानुवर्षं वाद होता. १९९६ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं कारखान्यापासून किलोमीटरभर अलीकडे झालेल्या अपघाताला नकार दिला होता. पुढे त्याचा दाखला देऊन कित्येक दावे अडवले गेले.

धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातला साखर कारखान्याचा एक पहारेकरी २२ एप्रिल २००३ रोजी दुचाकीवरून कामाला निघाला होता. पाळी पहाटे ३ ते ११ ची. कारखाना पाच किलोमीटरवर राहिला असताना अपघात झाला आणि तो जागीच गेला. मागे बायको, चार लेकरं आणि आई. आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये आणि व्याज देण्याचा आदेश दिला. विमा कंपनी अपिलात गेली. २०११ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं आदेश रद्द केला, कारण अपघात कारखान्याच्या आवारात झाला नव्हता. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आयुक्तांचा आदेश पुन्हा कायम केला. घरून कामावर जाताना किंवा परतताना झालेला अपघात, त्याची वेळ, जागा आणि परिस्थिती कामाशी जुळत असेल तर कामावरचाच धरावा, असं न्यायालय म्हणालं. नव्या संहितेतही ही गोष्ट आता लिहिलेली आहे. निकाल चांगला लागला खरा, पण तोवर २२ वर्षं गेली. घरातलं लहान लेकरू तेवढ्या काळात मोठं होऊन कामाला लागतं.

हृदयविकाराच्या प्रकरणात मात्र दोन्हीकडचे निकाल आहेत. गाडीवरच्या एका क्लीनरचा छातीत दुखून मृत्यू झाला, तेव्हा कामाच्या ताणाचा पुरावाच नव्हता म्हणून २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं भरपाई नाकारली. हजारावर किलोमीटर ट्रक चालवत गेलेल्या ड्रायव्हरच्या वारसाला २०१२ मध्ये त्याच न्यायालयानं ती दिली. फरक पुराव्याचा होता. सलग किती तास काम झालं, शेवटची विश्रांती कधी, बरोबर कोण होतं, हे लिहून-सांगून ठेवलं तरच पुढे उपयोगी पडतं.

दावा दोन वर्षांच्या आत लावायचा. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण त्या भरवशावर राहू नये. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर विचारतात, कसं लागलं? तेव्हा 'घरी पडलो' असं सांगू नये. मालकाला त्रास नको म्हणून लोक तसं सांगतात आणि तोच कागद पुढे विमा कंपनीच्या हातात जातो. मजुरीचा पुरावा नसेल तर हजेरीची वही, फोनपेच्या नोंदी, मुकादमाचे मेसेज, सोबतच्या मजुरांची साक्ष चालते. ईएसआय लागू असेल तर दावा तिकडेच करावा लागतो. वाहनाचा अपघात असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरण किंवा भरपाई आयुक्त, यातला एकच मार्ग निवडावा लागतो. न्यायाधिकरणात मजुरीची वरची मर्यादा नसते, हे निवडताना लक्षात ठेवावं.

निकालाविरुद्ध मालक उच्च न्यायालयात जाऊ शकतो, पण आधी पूर्ण रक्कम आयुक्तांकडे भरून. शिवाय कायद्याचा मोठा मुद्दा असेल तरच अपील चालतं. 'आम्ही वर जाऊ, तुला दहा वर्षं मिळणार नाही' ही धमकी त्यामुळे वाटते तेवढी खरी नसते.

पैसे कोर्टात आले, पुढे कुठे गेले?

भरपाई मंजूर झाल्यावर दुसरं संकट सुरू होतं. उत्तर प्रदेशातल्या एका म्हाताऱ्या, निरक्षर गावकऱ्याची जमीन सरकारनं घेतली होती. मोबदल्याचे ८,११८ रुपये कोर्टात जमा झाले. त्याच्या वकिलानं १९८७ मध्ये ते काढून घेतले आणि त्याला सांगितलंच नाही. तक्रार झाल्यावर म्हाताऱ्याच्या नावानं समझोत्याचं प्रतिज्ञापत्र दाखल केलं, तेही खोटं निघालं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या शिस्तपालन समितीनं तीन वर्षं वकिली बंद केली. वकील सर्वोच्च न्यायालयात गेला आणि तिथे शिक्षा कमी व्हायच्या ऐवजी वाढली. जानेवारी २००२ मध्ये त्याचं नाव वकिलांच्या यादीतूनच काढून टाकलं. रक्कम किती लहान, हे न्यायालयानं पाहिलं नाही. कुणाला फसवलं, ते पाहिलं.

'निकाल लागला की निम्मे माझे' हा व्यवहारही गैरवर्तनच आहे. वसुलीतला अर्धा हिस्सा ठरवून घेणाऱ्या मुंबईच्या एका वकिलाची वकिली मुंबई उच्च न्यायालयानं सहा महिने बंद केली होती आणि १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हा व्यवहार गैरच ठरवला. आजच्या बार कौन्सिलच्या नियमांतही निकालावर अवलंबून असलेली फी ठरवायला मनाई आहे. तरीही तालुक्याच्या कोर्टाबाहेर 'टक्केवारी'ची भाषा उघड चालते आणि पक्षकाराला ती रीतच वाटते. फी आधी ठरवावी आणि दिलेल्या पैशांची पावती घ्यावी. कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर सही करू नये. भरपाईची रक्कम थेट स्वतःच्या बँक खात्यात यावी असा अर्ज करावा. पैसे काढण्याचा अधिकार वकिलाला किंवा गावातल्या पुढाऱ्याला लिहून देऊ नये.

फी थकली म्हणून वकील कागदपत्रं अडवून ठेवू शकत नाही, हे २००० च्या निकालात ठरलं. ते प्रकरण मध्य प्रदेशातल्या एका सहकारी बँकेच्या वकिलाचं होतं. फी वसूल करायला त्यानं वेगळा दावा करावा, फाइल मात्र परत द्यावी.

तक्रार करायची ती बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा, मुंबई इथे. ग्राहक मंचात नाही. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वकिलांची सेवा ग्राहक कायद्याखाली येत नाही असं सांगितलं. तक्रार लेखी द्यावी. वकीलपत्राची प्रत, पावत्या आणि रक्कम काढल्याच्या आदेशाची कोर्टातून घेतलेली नक्कल सोबत जोडावी. ही नक्कलच सगळ्यात जड पुरावा असते. तथ्य दिसलं तर प्रकरण तीन जणांच्या शिस्तपालन समितीकडे जातं. समज, काही काळ वकिली बंद किंवा सनद कायमची रद्द, अशा शिक्षा आहेत. वर्षाच्या आत निकाल झाला नाही तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. राज्याच्या निर्णयाविरुद्ध ६० दिवसांत तिथेच अपील करता येतं. त्यानंतर सर्वोच्च न्यायालय.

दोन गोष्टी आधीच समजून घ्याव्यात. केस हरली म्हणजे गैरवर्तन झालं असं नाही. आणि सनद गेली तरी बुडालेले पैसे आपोआप परत येत नाहीत, त्यासाठी पोलीस तक्रार किंवा दिवाणी दावा वेगळा करावा लागतो. मध्येच वकिलानं पैसे परत करून 'तक्रार मागे घे' म्हटलं तर पैसे घ्यावेत, पण तेवढ्यानं चौकशी आपोआप बंद होत नाही.

डॉक्टरांच्या बाबतीत कागदाचाच झगडा असतो. तक्त्यात न बसणाऱ्या जखमेत कमाईची ताकद किती कमी झाली, हे डॉक्टरांच्या दाखल्यावर ठरतं. म्हणून तो वाढवून देणारेही भेटतात आणि कमी करून देणारेही. खोटा दाखला देणं हे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार गैरवर्तन आहे. वाढवलेला दाखला उलटतपासणीत फुटला की खऱ्या जखमेवरचा विश्वासही जातो, हे एजंट सांगत नाहीत. रुग्णानं किंवा त्याच्या अधिकृत माणसानं उपचाराचे कागद मागितले तर डॉक्टरांनी ते ७२ तासांच्या आत द्यायचे असतात. हे कागद तीन वर्षंच जपून ठेवणं बंधनकारक आहे, त्यामुळे मागणी लवकर आणि लेखी करावी. दिले नाहीत किंवा खोटा दाखला दिला तर तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे जाते.

वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समिती मोफत वकील देते. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट नाही. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं. समितीनं दिलेल्या वकिलानं पैसे मागितले तर त्याची तक्रार त्याच समितीत करावी.